शेवटच्या भागाखाली रेघ नाही

यवतमाळ,
२२ जानेवारी २०२५

प्रिय सलोनी,

दिवाळीनंतर तू पुण्याला गेलीस आणि तेव्हापासून माझी एक ओळही तुला आली नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. तू फोन कापायचीस म्हणून मी करणं बंद केलं, आणि बंद केल्यावर ‘आता तिनंच करावा’ असं म्हणत बसले. मेसेज मुद्दामच केला नाही. केला असता तर निळ्या खुणा उमटल्या का ते सारखं पाहत राहिले असते, आणि उमटल्या असत्या तर वाचूनही ही गप्प का, याचा विचार करत झोप घालवली असती. पत्राला खुणा नसतात. डायरीत रोज तुझ्याविषयी काहीतरी लिहिते, पण ते वाचलं की वाटतं, हे सगळं मी स्वतःला बरोबर ठरवायला लिहिते आहे. म्हणून आज डायरी बाजूला ठेवली.

आजीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. त्यासाठी त्या बोरी अरबहून आल्या, त्या अजून इथेच आहेत. काळा चष्मा लावून अंगणात उन्हाला बसतात. शेजारच्या तानाबाई येता-जाता विचारतात, “काय वं विमलमाय, पिच्चरमधे काम भेटलं का?” आजी म्हणतात, “भेटलं ना. तुले सासू करून घेतो म्हणे माही.” दिवस असे जातात. मला मात्र हसू येत नाही हल्ली, आणि येत नाही याचाही राग येतो.

डॉक्टरांनी टीव्हीची परवानगी दिली त्याच संध्याकाळी आजींनी फर्मान काढलं, “सलोनीनं लावून देल्लं व्हतं ते लाव.” ती तुझी जपानी कार्टूनची मालिका, लोकांच्या मनातलं ऐकू येणाऱ्या त्या शाळकरी मुलाची. दिवाळीत तू त्यांना पहिले दोन भाग दाखवलेस आणि पुढचं येऊन सांगते म्हणालीस. हारू नाव त्यांच्या जिभेवर बसेना, तेव्हा त्यांनी त्याचा हरीभाऊ केला. टीव्हीवर खातं तुझंच चालू होतं. बोलणं जपानी, खाली धावणारी अक्षरं इंग्रजी, म्हणून ती वाचून मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. बँकेतून दमून यायचं आणि हे. मी एक वाक्य नीट जुळवते तोवर आजींनी तानाबाईंना तीन सांगितलेली असतात. एका भागात हारू समुद्राकाठी रडत बसलेला असतो, कारण त्याचा मित्र गाव सोडून चाललाय. मी ते सांगेपर्यंत आजींचं ठरलं होतं, “बकरी मेली त्याची.” मी म्हटलं, बकरी कुठून आली? “मांगच्या भागात नव्हती का पांढरी?” ते मांजर होतं, आई. “असंल मांजर. मेलं ना पण?” मांजर जिवंत होतं. मी थांबवून, मागे नेऊन दाखवलं. तोवर तानाबाईंनी पदरानं डोळे पुसून घेतले होते आणि मलाच म्हणाल्या, “राहू द्या ना ताई, आमचं चांगलं चालून राह्यलं.” दोघींना माझी गरज नाही हे कळूनही मी वाचतेच. चुकीचं कुणी काही समजून बसलं की मला चैन पडत नाही, हे तुला वेगळं सांगायला नको.

हारू घरी आला की कानात इअरफोन घालतो, ते आठवतं तुला? आईच्या मनातलं चुकूनही ऐकू येऊ नये म्हणून. ती ओट्याशी उभी राहून काहीतरी विचार करत असते, आणि तो विचारतो, काय झालं? मला पहिल्यांदा हे फार मूर्खपणाचं वाटलं. ऐकायची सोय आहे ना, मग ऐक की. विचारायचं, तिनं आधी काही नाही म्हणायचं, मग थोडं सांगायचं, अर्धा भाग यातच जातो. मी तसं बोलूनही दाखवलं. आजी म्हणाल्या, “साऱ्या गावाचं ऐकते, अन् मायचंच ऐकत नाही. आपल्याच घरासारखं हाय.” तानाबाई खूप हसल्या. मी स्वयंपाकघरात गेले.

तुझा बी.एड.चा प्रवेश मी तुला न विचारता घेतला, हे खरं. पण मला अजूनही वाटतं की तुला शिकवायला आवडतं. मोहल्ल्यातल्या पोरांना उन्हाळ्यात गणित शिकवताना तुझा चेहरा मी पाहिलेला आहे. तू म्हणालीस, “माझ्या मनात काय आहे ते विचारलं का कधी?” आणि मी म्हणाले, “आईला विचारावं लागत नाही.” त्या वेळी हे वाक्य मला फार बरोबर वाटलं होतं. बॅग भरताना तू एकदाही वर पाहिलं नाहीस, तरीसुद्धा बरोबरच वाटलं. आता दिवसातून कितीदा तरी आठवतं, आणि दर वेळी तुझा राग येतो. मग माझाही येतो. कधी कधी दोन्ही एकदम येतात आणि समोर बाबा असतात, तेव्हा त्यांच्यावर निघतो. बाबांना तू दर रविवारी ‘ठीक आहे’ असा मेसेज करतेस. ते मला फोन दाखवतात आणि मोकळे होतात. ‘ठीक आहे’ ही काय बातमी झाली?

मला बातमी दुसरीकडूनच मिळत होती. आजींसाठी टीव्ही लावताना पहिल्याच दिवशी दिसलं की बाराव्या भागाच्या चित्राखाली तांबडी रेघ अर्ध्यावर आहे. दुसऱ्या दिवशी ती पूर्ण झाली होती, आणि तेराव्याखाली नवी सुरू झाली होती. म्हणजे तू तिकडे पाहत होतीस. मी हातातलं पातेलं घेऊन टीव्हीसमोर तशीच उभी राहिले. त्यानंतर रोज उठल्याबरोबर ती रेघ बघायची, चहासुद्धा नंतर. रेघ सरकली की मुलगी जेवून-खाऊन निवांत आहे, सरकली नाही की ताप असेल, नाहीतर कामावर कुणी बोललं असेल. जो भाग शेवटी लावला तोच पडद्यावर पुढे येतो, म्हणून आजींचा भाग संपला की मी पुन्हा तुझ्या भागावर जायची आणि तुझी रेघ होती तिथे नेऊन ठेवायची, अगदी त्याच जागी. तुला कळलं असतं तर तू पासवर्ड बदलला असतास, आणि माझी तेवढीही बातमी बंद झाली असती. हे चोरून ऐकणं आहे, हे मला कळत होतं. तरी मी केलं.

मग एका संध्याकाळी आजींचा पंधरावा भाग रंगात असताना लाइट गेली ती रात्रभर आलीच नाही. तुझी रेघ जागेवर ठेवायची राहिली. सकाळी लाइट आल्याबरोबर टीव्ही लावला. तू रात्रीत विसावा आणि एकविसावा पाहून टाकला होतास, दोन्ही तांबडे झाले होते. पण सगळ्यांत पुढे पडद्यावर आजींचा पंधरावा होता, लाइट गेली त्याच जागी थांबलेला. तुझं पाहून झाल्यावर तू मुद्दाम तो पुढे आणून ठेवला होतास. म्हणजे तुला ठाऊक होतं. कधीपासून? मी रेघ जागेवर ठेवत होते तेही? त्या दिवसापासून मी काहीच परत ठेवलं नाही, आणि तरी रोज सकाळी आजींचा भाग पुढे तयार. आजींना वाटतं टीव्हीच शहाणा आहे. सलोनी, मला हे पाहून बरं वाटायला हवं होतं. मला भयंकर राग आला. आजीला भाग शोधत बसावं लागू नये म्हणून तुला रोज एवढं करता येतं, आणि आईचा एक फोन उचलता येत नाही? संक्रांतीला दिवसभर दारात कुणी ना कुणी वाण घेऊन येत होतं, आणि मी प्रत्येकीला सांगत होते, तिला सुट्टी नाही. तुझ्या वाट्याचा तिळगूळ डब्यात आहे. आजींनी त्यातले चार खाल्ले, मी ओरडले, आणि नंतर तेही लागून राहिलं.

आता का लिहिते आहे ते सांगते. आजींचा तेविसावा भाग संपला आणि चोविसावा शेवटचा, असं मी सांगितलं. त्यांनी रिमोट उशीखाली ठेवून दिला. “पोरीबिगर मी शेवट पाहात नाही. तिनं सांगतो म्हटलं होतं मले.” मी म्हटलं, ती यायची नाही इतक्यात. “तुले काय मालूम? इचारलं का तिले?” महिनाअखेरीला त्या तुरीसाठी बोरी अरबला परत जाणार आहेत, तिथल्या टीव्हीवर हे काही लागत नाही. पण मी लिहायला बसले ते एवढ्यासाठी नाही. तेविसाव्याखाली तुझीही रेघ पूर्ण होऊन आठवडा झाला, आणि शेवटच्या भागाखाली रेघच नाही. तू का थांबली असशील, याची पाच कारणं मी डायरीत लिहिली. त्यातलं एक मला फार आवडलं, आणि ते आवडलं म्हणूनच मी पाचही खोडली. मला ओळखायचं नाही. मी विचारते आहे. शेवटचा भाग आजीबरोबर, माझ्याबरोबर बघशील का? येऊन, किंवा तिकडे तू आणि इकडे आम्ही, फोन चालू ठेवून. नको असेल तर नको म्हण, मी ‘का?’ असं विचारणार नाही. आणि दुसरं, बी.एड.चं नाही, नुसतंच: तुला काय करावंसं वाटतं? उत्तर यायला वेळ लागला तरी चालेल. मधल्या काळात मी टीव्ही लावणार नाही. तानाबाईंना सांगितलं आहे, हरीभाऊ सुट्टीवर आहे.

तुझीच,
आई

(डायरीत) उद्या : पत्र पुन्हा न वाचता पोस्टात टाकणे.