डावीकडे कललेला रिमोट

२० जुलै, रविवार

पाच मिनिटं! आज काकांनी पूर्ण पाच मिनिटं रिमोट माझ्या गळ्यात राहू दिला. होडी एकदाही धक्क्याला लागली नाही.

बाकी आठवड्यात लिहिण्यासारखं काही नसतं, म्हणून हे नीट लिहिते. वरळी कोळीवाड्याचा धक्का. सकाळची भरती, बांधलेल्या होड्यांच्या मधलं शांत पाणी. त्यात अडीच फुटांची ‘लक्ष्मी’ – गणपतकाकांनी स्वतः घडवलेली, गेलेल्या बायकोचं नाव दिलेली. काका माझगावच्या गोदीत फिटर होते. आता बहात्तर.

भेट झाली ती गेल्या ऑक्टोबरात, मासळीच्या गल्लीत मी सरकारी कामावर वजनकाटे तपासायला गेले होते तेव्हा. दुर्गाबाईंच्या काट्याच्या एका पायाखाली लादीचा तुकडा. मी म्हटलं, हा काढा. ती म्हणाली, "मॅडम, जमीन वाकडी हाय, काटा नाय." तरी मी काढायला लावला, वर पाणसळ ठेवली – बुडबुडा एका टोकाला. बाई बरोबर होती! तुकडा माझ्याच हाताने परत ठेवला. मागून एक म्हातारा मोठ्याने हसला – "सरकारान चूक मान्य केल्यान गो!" तेच काका. तेव्हापासून माझे रविवार धक्क्यावर.

चहा आला. ते उजव्या हातात पेला धरतात, बिस्कीट बशीत तसंच राहतं. "तू खा गो." होडी पाण्यातून उचलायचं कामही माझं. "शिकायचं आहे ना? मग आधी उचलायला शीक."

दोन बिस्किटं खाल्ली. जास्त झालं का? त्यांच्या वाट्याचं होतं.

२२ जुलै, मंगळवार

आज दिवसभरात बोललेली वाक्यं मोजली. अकरा. त्यातली सात – "प्रमाणपत्र दाखवा."

२७ जुलै, रविवार

रिमोट घरी आणलाय! काकांनीच दिला. "गळ्यात अडकव आणि घरभर फिर. दोन्ही हात सोडून. डबा अंगाचा झाला पाहिजे, मग होडी अंगाची होते."

ते त्याला डबाच म्हणतात. आहेही जेवणाच्या डब्याएवढा. वर दोन दांड्या – डावी वेगाची, उजवी सुकाणूची. मधोमध काकांनी बसवलेली पितळी पट्टी, तिच्या भोकात कडी, कडीत गळ्यातला पट्टा. हातात धरून चालवणारे अंगठ्यांनी चालवतात आणि दमतात. पट्ट्यावर नीट तोलला की वजन मान घेते, हात फक्त दांड्यांवर.

नारळी पौर्णिमा जवळ आलीय. दर वर्षी कोळीवाड्याचा मोठा नारळ समुद्राला दिला की काकांची लक्ष्मी एक छोटा नारळ घेऊन खाडीच्या तोंडापर्यंत जाते, कळ दाबली की तबक कलतं आणि नारळ पाण्यात. सगळा कोळीवाडा बघायला थांबतो म्हणे. मी म्हटलं, भीती नाही वाटत? म्हणाले, "वर्षातून तेवढाच एक दिवस मी अजून गोदीत आहे असं वाटतं. भीती कसली?" मग म्हणाले – "पुढच्या वर्षी तू सोड."

पुढच्या वर्षी. कोणी माझ्याबरोबर पुढच्या वर्षाचं काही ठरवून किती दिवस झाले? आई गेल्यापासून नाही.

२९ जुलै, मंगळवार

दोन दिवस रिमोट गळ्यात घालून वावरतेय. भाकरी थापताना काढावा लागला, भांडी लावताना नाही. चौदाव्या मजल्यावर एकटी बाई गळ्यात डबा अडकवून फिरतेय – समोरच्या इमारतीतून कोणी बघितलं असेल तर काय वाटलं असेल? बघितलं तरी असेल का?

आज आरशात दिसलं – डबा सरळ लटकत नाही. डावीकडे कलतो. पाणसळ ठेवली. बुडबुडा पार उजव्या टोकाला! पट्टीवरचं भोक मधल्या रेषेपासून उजवीकडे पडलंय. पेन्सिलीवर डबा तोलून मध्य काढला. दोन सेंटिमीटरची चूक.

गोदीतला फिटर असं भोक पाडेल? नजर कमी झाली असणार. आणि असल्या तिरक्या डब्यावर एवढी वर्षं!

विचारावं का? विचारलं तर म्हणतील, राहू दे. या वयाची माणसं असंच म्हणतात.

१ ऑगस्ट, शुक्रवार

लालबागला दगडूंकडे गेले. ते काटे दुरुस्त करतात, परवाना माझ्याच नजरेखालून जातो, म्हणून आधी बजावलं की हे खाजगी काम आहे, मजुरी घ्यायचीच. त्यांनी मी आखलेली खूण बघितली. "मॅडम, सोन्याच्या काट्यालाही एवढं कोण बघत नाय!" बरोबर मध्यावर नवं भोक पाडून दिलं. जुनं बुजवू का, विचारलं. मी नको म्हटलं – काकांच्या हातचं आहे.

घरी येऊन कडी हलवली, पक्कडीने आवळली. गळ्यात घातला. हात सोडले. बुडबुडा मधोमध. आरशासमोर पाच मिनिटं उभी राहिले. इतकं बरं कधी वाटलं होतं?

३ ऑगस्ट, रविवार

पाऊस. होडी काढली नाही. रिमोट पिशवीत घालून काकांना परत दिला. काही सांगितलं नाही. पौर्णिमेला गळ्यात घालतील तेव्हा कळेल!

८ ऑगस्ट, शुक्रवार

क्रमानेच लिहिते.

आमच्या घरी नारळाची पूजा मानत नाहीत. आई असती तर म्हणाली असती, तुझं काय काम तिथं? मी स्वतःला सांगितलं – पूजेला नाही, होडीला जातेय. ही पळवाट होती का? असेल.

साडेअकराच्या सुमाराला भरती. बँड, नऊवारी, दागिने, पोरंबाळं. मोठा नारळ गेला. मग कोणीतरी ओरडलं, "काकांची होडी!" आणि धक्का दोन्ही बाजूंनी भरला. लक्ष्मीला झेंडूची माळ, निशाण, तबकात नारळ. मी तिला पाण्यात ठेवलं.

काकांनी पट्टा गळ्यात घातला. क्षणभर थांबले. माझ्याकडे बघितलं. मी हसले. डबा त्यांच्या पोटासमोर अगदी सपाट होता! तेही हसले.

होडी छान निघाली. पहिल्या दोन होड्यांच्या मधून गेली. वळणावर वेग कमी करायचा असतो. केला नाही. मला वाटतं त्यांचा डावा अंगठा दांडीवरून घसरला. दांडी होती तिथेच राहिली, पूर्ण पुढे. डावा हात परत वर आला, परत घसरला. लक्ष्मी सरळ जाऊन एका मोठ्या होडीच्या कुशीवर आदळली. निशाणाची काठी मोडली. नारळ गडगडून तिथेच पडला, बांधलेल्या दोरखंडांत.

"गेला, गेला!" पोरं हसली. दुर्गाबाई म्हणाली, "दर्याला पोचला ना नारळ? झालं मग." पण मागून एक आवाज आला – "काकांचं वय झालं आता. पुढल्या वेळी दुसऱ्या कोणाला द्या." काकांनी तो ऐकला. मी त्यांच्याकडे बघत होते.

"लाट आयली गो," ते मला म्हणाले.

लाट नव्हती.

मग पट्टा स्वतःच्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातला. "रवांदे तुझ्याकडेच." पोरांनी पाण्यातून काढून दिलेली होडी काखेत घेतली – उजव्या – आणि गर्दीतून गेले. मी मागे गेले नाही. जायला हवं होतं.

१० ऑगस्ट, रविवार

धक्क्यावर दोन तास बसले. काका आले नाहीत.

१२ ऑगस्ट, मंगळवार

तीन फोन. उचलला नाही. चौथा करणं म्हणजे त्रास देणं, म्हणून केला नाही.

रागावले असतील तर कशावर? माझ्या भोकावर? पण ते बरोबर होतं! मोजून बरोबर होतं. हे वाक्य आज मनात किती वेळा म्हटलं कोण जाणे. दर वेळी ते सरकारी वाटलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आज संध्याकाळी रिमोट पुसायला घेतला. फडक्याखाली डाव्या बाजूचा खालचा कोपरा गुळगुळीत लागला. इतका की वरचा काळा रंग जाऊन पांढरं दिसतंय. उजवा कोपरा कोरा. एवढी झीज हात टेकल्याने होते, रोज, एकाच जागी. माझ्या कामात मी अशी झीज बघून सांगते की वजन कुठल्या बाजूने उचललं जातं. इथे बघितली नव्हती. पाणसळ बघत होते.

कडी जुन्या भोकात घातली. पट्टा गळ्यात. डबा डावीकडे झुकला. मग मी माझा डावा हात मेल्यासारखा सोडून दिला, आणि उजव्याने उचलून डब्याच्या त्या कोपऱ्याखाली ठेवला. कोपरा तळहातात बसला. अंगठा आपोआप दांडीवर पडला. काही उचलावं लागलं नाही.

चूक नव्हतीच. गोदीतल्या फिटरने मोजूनच पाडलेलं भोक होतं ते.

बशीतलं बिस्कीट. "आधी उचलायला शीक." दहा महिने दर रविवारी समोर होतं. लादीचा तुकडा काढायच्या आधी मी निदान बाईंना तसं सांगितलं होतं, आणि चुकल्यावर तो जागेवर ठेवला होता. इथे मी कोणाला विचारलंसुद्धा नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

माझगावला गेले. चाळीचा दुसरा मजला. काकांच्या सुनेने दार उघडलं – मेघना, पूर्वी फोनवर दोनदा बोललेय, बघितलं आज. "या ताई. बाबा गॅलरीत आहेत. बोलत नाहीत कोणाशी, तुम्ही बघा."

काका खुर्चीत. लक्ष्मी पायाशी, मोडकी काठी तशीच. मी उभ्या उभ्याच विचारलं, "काका, डावा हात कधीपासून?"

खाली रस्त्याकडे बघत त्यांनी उजव्या हाताने डावा मांडीवर घेतला. मग – "दोन वर्सा झाली. अर्धांगाचो झटका आयलो होतो. घरात ठाऊक आहे. धक्क्यावर नाही." आणि पुढे, "लोक हात बघायला लागले की होडी कोण बघणार गो?"

मी म्हटलं, मी विचारायला हवं होतं.

"हवं होतं," ते म्हणाले. 'जाऊ दे' म्हणाले नाहीत. ते म्हणाले नाहीत याचंच बरं वाटलं.

रिमोट पिशवीतून काढला. कडी जुन्या भोकात बघून त्यांनी मान हलवली. "सैल आहे. मेघना, पक्कड आण गो." मी आवळली. त्यांनी गळ्यात घातला, कोपरा तळहातात घेतला, दांडी पुढे-मागे करून बघितली. लक्ष्मीचा पंखा हवेत फिरला. शेजारचं मांजर पळालं, आणि काका हसले!

निघताना विचारलं, कारण ते विचारल्याशिवाय मला घरी जाता आलं नसतं – "पौर्णिमेला गळ्यात घातल्यावरच कळलं ना तुम्हाला? आधी नाही ना?"

"तेव्हाच," ते म्हणाले. गॅलरीबाहेर बघत. "तेव्हाच गो. आधी कसा कळतला?"

पुढच्या रविवारी येतो म्हणाले. दादरहून काठीसाठी वेताचा तुकडा आणायला सांगितलंय. पाऊण फूट. मोजून नको म्हणाले, अंदाजाने आण.

१८ ऑगस्ट, सोमवार

दुपारी मेघनाचा फोन. हळू आवाजात बोलत होती. "ताई, बाबा काल तुमच्याशी खोटं बोलले. पौर्णिमेच्या आदल्या दिवशीच त्यांनी डबा घालून बघितला होता. लगेच कळलं त्यांना. कडी जुन्या भोकात घालायला मीच पक्कड आणून दिली. हातात घेऊन बसले आणि मग मला परत दिली. मी म्हटलं, अहो बाबा, उद्या सगळ्यांसमोर हात घसरेल. तर म्हणाले, त्या पोरीला कोणासाठी काही करायला मिळतं कुठे? केलंय तिने, तर राहू दे."

धक्क्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं होतं. आणि मी हसले होते.