बुटक्याची उडी

३ जुलै

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पाकीट आजच हाती पडलं. मेमरी कार्ड शाबूत आहे. वहिनीने ते फडक्यात असं गुंडाळलं होतं की मला वाटलं, आत दागिनाच आहे. इकडे सगळे बरे. ऑफिसच्या खिडकीखालचा रस्ता पुन्हा खणलाय, दिवसभर कानठळ्या बसतात.

गेमचं म्हणशील, तर तुझा बुटक्या आता टीव्हीवरही धावतो आणि फोनवरही. कॉलेजात असताना त्या जुन्या संगणकावर तू जो गेम करून ठेवलास, तो नव्या यंत्रांवर जसाच्या तसा उतरवतेय. तुझ्या चुकासुद्धा दुरुस्त करत नाही, कारण जुन्या खेळाडूंना त्या पाठ आहेत. मधल्या भिंतीत बुटक्याचं नाक अडकायचं, ते इथेही अडकतं.

घोडं अडलंय ते एकाच ठिकाणी. कोणी बटणाला हात लावला नाही की गेम आपणहून खेळून दाखवतो ना, ते खेळणं तुझं. कुठलं बटण कधी दाबलंस, एवढंच त्यात साठवलेलं. नव्या यंत्रांची चाल किंचित वेगळी, त्यामुळे त्या जुन्या नोंदीवर बुटक्या विहिरीत पडतो. म्हणून तर तुला प्रत्येक यंत्रावर नव्याने खेळून ती नोंद कार्डावर पाठवायला सांगितलं. पण आता तू खेळतोस तरी तो पडतोच. चिठ्ठीत लिहिलंयस, "भुंगे, मी बटण वेळेवर दाबतो, तुझा बुटक्या उशिरा उडतो. कोडमध्ये घोळ आहे." असेलही. शोधते.

वहिनी फोनवर म्हणाली, तुझ्या क्रेनवरून पाईपांचा जुडगा खाली येताना भिंतीला घासला. वारा होता म्हणे. जपून रे.

तुझी,
भुंगी


२१ जुलै

प्रिय दादा,

नमस्कार. नवं कार्ड मिळालं. घोळ शोधून शोधून माझे डोळे गेले, पण काही सापडत नाही. शेवटी मीच खेळायला बसले. मग शेजारच्या टेबलावरच्या चित्रकार मुलीला बसवलं. तिला गेमचा ओ की ठो कळत नाही, तरी तिच्या उड्या वेळेवर पडल्या.

मग तुझी कॉलेजातली नोंद आणि आत्ताच्या नोंदी एकाखाली एक लावून पाहिल्या. बुटक्याला पळवणारा तुझा डावा अंगठा तेव्हाइतकाच चपळ आहे. उजवा, उडीचा, मागे पडतो. दर कार्डात आधीच्याहून थोडा जास्त.

तुझ्या गेमच्या रिमोटचं बटणच घट्ट झालं असणार. दुसरा पाठवतेय, त्यावर खेळून बघ.

क्रेनचा उजवा दांडा कशासाठी असतो रे? सहज विचारलं. परवा कपाट आवरताना बाबांचा तो कान तुटलेला कप सापडला. परत ठेवून दिला.

तुझी,
भुंगी


९ ऑगस्ट

दादा,

नमस्कार. कार्ड पोचलं. सगळ्या उड्या अचूक, विहीर एका दमात पार. ऑफिसातल्या आमच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "झालं एकदाचं. आता दे पाठवून." मी हो म्हणाले आणि हात धुवायच्या निमित्ताने आत जाऊन रडले.

विहिरीपाशी आलास की तू आधी एक पाऊल मागे घेतोस आणि मग उडतोस. लहानपणी मी त्यावरून तुला भित्रा म्हणायचे. मागच्या सगळ्या कार्डांत ते पाऊल आहे, या कार्डात नाही. शिवाय वाटेतलं एकही फळ सुटलेलं नाही. तू फळांकडे कधी ढुंकून पाहिलं नाहीस. जमिनीवर पडलेली टाचणीसुद्धा उचलल्याशिवाय पुढे न जाणारं माणूस आपल्या घरात एकच आहे. वहिनी छान खेळते.

म्हणजे तुलाही कळलंय. घोळ कोडमध्ये आहे असं खरंच वाटत असतं, तर तू रिमोट तिच्या हातात दिला नसतास.

बाबांनीही आधी वस्तूंनाच बोल लावला होता. दाराची कडी कडक, पेन फुटकं, कप निसरडा. आपण शहाण्यासारखं कडीला तेल घातलं, नवी पेनं आणली. डॉक्टरांकडे नेलं तोवर त्यांना सदऱ्याची गुंडी लावता येत नव्हती. तो आजार घराण्यात उतरू शकतो, हे डॉक्टरांनी आपल्या दोघांसमोर सांगितलं होतं. त्यानंतर आपण त्यावर एक अक्षर बोललो नाही. मला भीती वाटते, दादा. खूप वाटते.

उजवा दांडा माल उतरवायचा, एवढंच तू कळवलंस. बाकी फोनवर विचारलं तर वाऱ्याचं नाव सांगून हसलास आणि फोन वहिनीकडे दिलास. म्हणून हे लिहून पाठवतेय. खाली माणसं उभी असतात. वर बघून, तुझ्या हातावर भरवसा ठेवून उभी असतात.

रविवारच्या गाडीने येतेय. सोमवारी सकाळी डॉक्टरांकडे जायचंय, वेळ घेतलीय. वहिनीला काय थाप मारून खेळायला बसवलंस, ते मला ठाऊक नाही. खरं तिला तूच सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन, मग माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

कोड आज पुन्हा पहिल्यापासून तपासला. चूक माझीच निघावी म्हणून मी जन्मात इतकी झटले नव्हते. निघाली नाही.

पत्र मिळाल्यावर क्रेनवर चढू नकोस. घरी थांब.

तुझी,
भुंगी