आईची मशेरी आणि पिवळे बेडूक

भिवंडी,
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

निशाताई,

नमस्कार. भावोजी आणि ओवी मजेत असतील. अंजूरला भातकापणी उरकली. आपल्या शेजारच्या तुकड्यावर आणखी एक गोदाम उभं राहतंय, दिवसभर नुसती धूळ. गणपतीपासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून ही चिठ्ठी रघूच्या रिक्षातून पाठवतोय. त्याच्या फोनवरून बोलता आलं असतं, पण तुझा आवाज ऐकला की मी हटकून खोटं बोलतो.

आईला काल सकाळी दवाखान्यात आणलंय. घाबरू नकोस, असं लिहिणार होतो.

बेडकांवरून आपलं वाजलं ते तू विसरली नसशील. ‘विषारी जनावर आईच्या घरात कशाला?’ म्हणत तू भरल्या ताटावरून उठलीस. मी तुलाच शिकवायला गेलो. म्हटलं, हे परदेशी बेडूक रानातल्या मुंग्या-किडे खाऊन विषारी होतात, काचेच्या पेटीत जन्मलेल्यांना विष नसतं. ते काही खोटं नव्हतं.

आईला तर त्या सहा पिवळ्याधमक जिवांचं वेडच लागलं. रोज सकाळी पेटीत हात घालून सडकी पानं काढायची, शेवाळावर पाणी शिंपडायची, ‘कसं हाव रं सोन्यांनो?’ विचारायची. मग ओट्यावर बसून मशेरी. डबीत बोट, तेच बोट हिरड्यांवर, चांगला अर्धा तास. मध्ये हात धुवायची तिला सवय नाही, तुला ठाऊकच आहे.

सोमवारी प्रितेशचा फोन आला. बेडूक त्यानंच विकले होते. म्हणाला, ‘भाई, उसमें से दो जंगलवाले निकले. हाथ मत लगाना.’ रानातून धरलेल्यांचं विष पेटीत ठेवूनही लवकर जात नाही, आणि बेडूक डिवचला गेला की ते कातडीवर सुटतं म्हणे.

मी त्याच दिवशी हातमोजे आणले. एकच जोडी, माझ्यासाठी. आई हसली, ‘त्यांना काय काटं हायेत? का आता घाण वाटाया लागली तुला?’ तेव्हाच सांगायला हवं होतं, ताई. पण तिनं संध्याकाळपर्यंत तुला कळवलं असतं आणि तुझं खरं ठरलं असतं. एवढंच कारण. दुसरं शोधतोय, सापडत नाही. मनाशी म्हटलं, रविवारी ते दोन गुपचूप परत देऊ. मंगळवार, बुधवार, गुरुवार, ती पेटीत हात घालत होती आणि मी समोर बसून चहा पीत होतो.

काल मशेरी लावता लावता म्हणाली, ‘मनोज, जीभ लागंना रं मला. हाय का न्हाय तेच कळत न्हाय.’ मग ओठ बधिर झाले, मग हात. आता छातीचे ठोके चुकतायत. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, काही विषारी पोटात गेलंय का? मी म्हटलं, नाही, फक्त मशेरी लावते. ते तंबाखूवर दोन शब्द बोलले आणि मी मान हलवली.

तू ये आणि डॉक्टरांना तूच सांग, असं लिहायला बसलो होतो. पण पडघ्याहून यायला तुला तास लागेल, आणि या चार ओळींतच माझा अर्धा तास गेला. मला लाज वाटतेय, ताई. भीती त्याहून जास्त.

सिस्टर दारात येऊन विचारतेय, ‘गोदूबाईंचं कोण आहे?’ पुन्हा विचारतेय. बाकावर मी एकटाच आहे. उठतो. उशीर झाला असला तरी सांगतो.

गोदूबाईंचा मुलगा,
मनोज