पान त्र्याऐंशीची चिठ्ठी

मी, ओमेश जागेश्वर रहांगडाले, वय अठ्ठेचाळीस, धंदा वकिली आणि व्याख्याने, राहणार फुलचूर, जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहितो. गुरुवारी माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मन स्वस्थ असल्याचा दाखला मी मागितला नाही. पूर्वीची मृत्युपत्रे रद्द.

१. फुलचूरचे राहते घर पत्नी चेतना हिला.

२. मुर्रीची दीड एकर धानाची शेती मुलगी टीना हिला. भाऊ मुन्नाला त्यात हिस्सा नाही. त्याने दोनदा बांध सरकवून आपला हिस्सा आधीच घेतला आहे.

३. पुस्तके वाचनालयाला. भाषणांच्या वह्या जाळाव्यात, २००३ ची हिरवी वही सोडून.

४. ती वही, तिच्यातली पिवळी चिठ्ठी आणि पान त्र्याऐंशीची प्रमाणित नक्कल, नागझिरा अभयारण्याच्या फाटकावर गाइड असलेल्या शामकला बकाराम नेवारे हिला द्यावी. कारण लिहितो.

२००३ साली मी एका वरिष्ठ न्यायालयात न्यायमूर्तींचा विधी सहायक होतो. अपिलाची फाईल मी वाचायची, सारांश लिहायचा, महत्त्वाच्या पानांवर पिवळ्या चिठ्ठ्या लावायच्या. साहेबांपुढे फायलींचा ढीग; ते चिठ्ठ्यांची पाने वाचत. सही त्यांची असे, पण त्यांनी काय पाहावे हे सव्वीस वर्षांचा मी ठरवत असे. निकालपत्रात माझे नाव कोठेही नसे.

शामकलाचा बाप बकाराम. पत्नी रुख्माला विहिरीत ढकलून मारल्याबद्दल त्याला जन्मठेप झाली होती. पान त्र्याऐंशीवर एका बस कंडक्टरची साक्ष होती: 'खुनाच्या संध्याकाळी बकाराम माझ्या गाडीत होता, खिडकीच्या जागेवरून भांडला, म्हणून लक्षात आहे.' खालच्या कोर्टाने ती एका ओळीत उडवली होती. मी चिठ्ठी हातात घेतली. आदल्या दिवशीच नवऱ्यांच्या हातून मरणाऱ्या बायकांवर मी भाषण केले होते. टाळ्या अजून कानांत होत्या. त्या भाषणातला शब्द न् शब्द आजही मला मान्य आहे. पण मला बकाराम दोषी हवा होता. चिठ्ठी मी त्या पानावर न लावता भाषणाच्या वहीत खूण म्हणून घातली.

साहेबांनी विचारले, "रहांगडाले, काही सुटलं नाही ना?"

"नाही, सर."

अपील फेटाळले गेले. निकालपत्रात माझ्या सारांशाची वाक्ये जशीच्या तशी आहेत. सहा वर्षांनी बकाराम तुरुंगात मेला. शामकला अठराची होती. आईच्या खुन्याचे प्रेत तिने घेतले नाही. हे कळल्यावर मी त्या पानाची नक्कल काढली आणि कपाटात ठेवली.

तो निर्दोष होता असे मी म्हणत नाही. ते ठरवणे तेव्हाही माझे काम नव्हते. ते पान साहेबांपर्यंत गेले नाही, एवढे मी शपथेवर सांगतो.

बकारामला मी कधी पाहिले नाही. कागदावर फक्त त्याचा अंगठा पाहिला. तेव्हापासून प्रत्येक सभेत तिसऱ्या रांगेत एक माणूस अंगठा वर धरून बसतो. त्याला चेहरा नसतो. मी आवाज चढवला की तो अंगठा आणखी वर करतो.

५. कलम चार माझ्या मृत्यूनंतर अमलात यावे, असे मी लिहिले होते. चेतनाने ते वाचले.

"जिल्हाभर न्याय न्याय बोंबलत फिरता, अन् एका पोरीले तोंड दाखवाले भेता? मेल्यावर तुमाले ते पोरगी शिव्या तरी कशा देईन?"

मी म्हटले, "गुरुवार होऊ दे."

"काऊन? गुरुवारी उठले नाही त सुटलेच ना तुमी!"

म्हणून 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द खोडले आहेत आणि खाडाखोडीवर सही केली आहे. उद्या सकाळी, पर्यटकांच्या गाड्या सुटण्यापूर्वी, मी फाटकावर असेन. पान तिला वाचून दाखवणार नाही, हातात देईन. मग ती जे बोलेल ते संपेपर्यंत मी बोलणार नाही.

(सही) ओमेश जागेश्वर रहांगडाले

वरील सही व खाडाखोड आमच्यासमोर झाली. या मृत्युपत्रातून आम्हाला काहीही मिळणार नाही.

साक्षीदार: १. टेकचंद पटले (सही) २. कैलाश बोपचे (सही)

स्थळ: फुलचूर
दिनांक: १० नोव्हेंबर २०२५, सोमवार