अष्टमीचं पाणी

लखनौ, मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी, संध्याकाळ

सई फोन उचलत नाही. मैत्रिणींबरोबर पहिल्यांदाच मुंबई बघायला गेलीय. सकाळी गेटवेचे फोटो आले, मग म्युझियमचे, आणि अडीच वाजता हा बीचवरचा. पार आत, उघड्या पडलेल्या खडकावर चौघी बसल्यात. अलीकडे वाळूत चपलांचे चार जोड. खाली लिहिलंय, "मम्मी, पानी तो बहुत पीछे है!"

पाणी मागे गेलंय म्हणजे ते परत येणार, हे तिला कोण सांगणार? पोर इथं लखनौत, जानकीपुरममध्ये वाढली. तिच्या लेखी पाणी म्हणजे गोमती, काल होती तिथंच आज.

मालवणला आई आम्हाला बोटांवर शिकवायची. तिथीची पाऊणपट करायची, तीच भरतीची वेळ. आज आठ, म्हणजे सहा वाजता. अष्टमीच्या पाण्याला जोर नसतो, खरंय. पण त्या चपला... पाणी आधी मागून शिरतं, खडक आणि किनाऱ्याच्या मधे, आणि बसलेल्याला पत्ताच नसतो. तिला दशहरी आंबा पारखायला शिकवलं मी. हे का नाही?

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, लहान आहे का ती?" लहान असती तर हात धरून ठेवला असता.

सव्वापाच. मेसेज आला. "मम्मी, चप्पलें बह गईं! कमर तक पानी में भागे हम. बड़ा मज़ा आया. कल दूसरा बीच!"

मज़ा म्हणे. मी पुन्हा बोटं मोजायला घेतली.

उद्या नवमी. पावणेसात.