कमलबाईंच्या नावाची चिठ्ठी

५ मार्च, बुधवार

निघाली ना चिठ्ठी — कमलबाई! मानवतच्या आमच्या चर्चच्या मंडळीत चाळीस घरं, आणि माझ्या हाताला तेच नाव लागावं? आजपासून उपासाचे दिवस. थेट ईस्टरपर्यंत रोज पहाटे गुडघे टेकायचे, चिठ्ठीतलं नाव मोठ्यानं घेऊन प्रार्थना करायची. चिठ्ठी बदलायची नाही, दिवस चुकवायचा नाही. जुना रिवाज.

पाळकांना म्हटलं, जिनं माझ्या लेकीचं, भक्तीचं, ठरलेलं लग्न मोडलं तिच्यासाठी काय मागू? म्हणाले, "मन लागो न लागो, वेळ चुकवू नका ताई. आज्ञा पाळणं तिथूनच सुरू होतं."

बरं. पाळते की! मागायचं काय ते माझं मी बघते.

६ मार्च

साडेपाचला बसले. "प्रभू, तुझी दासी कमलबाई. तिची जीभ झडू दे. आमेन." मोठ्यानं. रिवाजाप्रमाणे.

११ मार्च

आज सविस्तर मागितलं. जानेवारीत साखरपुडा झाला, मुलगा रेल्वेत, जालन्याची माणसं भली. आणि ही बया, भक्तीला लहानपणी संडे स्कूलमध्ये शिकवणारी, कुणाला न सांगता जालन्याला जाऊन आली! दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन — "कमलबाई येऊन गेल्या. आता आमाला जमायचं न्हाई." तिच्या दारात जाऊन जाब विचारला. म्हणते, "मला इचारू नका बाई." वर दार लावून घेतलं!

प्रभू, तिच्याही घरचं कार्य मोडू दे. मांडव घातल्यावर मोडू दे.

भक्ती पलीकडच्या खाटेवर, डोक्यावरून पांघरूण घेऊन. झोपली असेल.

२३ मार्च, रविवार

चर्चमध्ये ती पुढच्या बाकावर. काय गळा काढून गात होती! बाहेर पडताना माझ्याजवळ आली. "माझं नाव तुमच्याकडं हाय म्हणं. मागा बाई माझ्यासाठी. लय गरज हाय."

म्हटलं, "रोज मागायले. एक दिवस खाडा न्हाई." घरी येईपर्यंत बरं वाटत होतं.

२ एप्रिल

भक्ती जेवेना. वाळत चालली पोरगी. लग्न मोडल्याचा घाव, दुसरं काय? म्हणून पहाटे कमलबाईचा दुप्पट समाचार घेतला. भक्ती मधेच उठून मोरीत गेली, नळ सोडला. बादली भरून वाहायला लागली तरी बंद करेना.

नंतर म्हणाली, "मम्मी, हळू मागत जा ना."

म्हटलं, देवाला ऐकू गेलं पाहिजे.

११ एप्रिल

गुडघे सुजलेत. तरी चुकवलं नाही. पण खरं लिहिते — आज शापच आठवेना. सगळे वापरून झाले! नुसतं नाव घेऊन बसून राहिले. मग स्वतःचाच राग आला आणि कालचाच शाप पुन्हा दिला.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

आज शाप पुरा व्हायच्या आत भक्ती खाटेवरून उतरली, शेजारी गुडघे टेकून बसली. "मम्मी, त्यांच्या जागी माझं नाव घे. मीच पाठवलं होतं त्यांना जालन्याला. मला ते लग्न नको होतं. तुला सांगायचा धीर झाला नाही. कुणाला सांगणार नाही म्हणून बायबलवर हात ठेवायला लावला होता मी त्यांना."

इतके दिवस त्या बाईनं माझ्या शिव्या खाल्ल्या आणि जीभ उचलली नाही. तीच जीभ मी रोज झडायला मागत होते.

आमेन म्हणायचं राहिलं.