पहिला, दुसरा, तिसरा आणि उत्तेजनार्थ

आई,

आधी क्वार्टरबॅक म्हणजे काय ते तुला सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं व्यर्थ. इथल्या फुटबॉलमध्ये पायाचा संबंध नावापुरता. चेंडू हातात धरून पळायचं, आणि तो चेंडूसुद्धा गोल नाही, न सोललेल्या नारळासारखा लांबट. क्वार्टरबॅक हा या सगळ्याचा सूत्रधार. चेंडू आधी त्याच्या हातात येतो. मग समोरून महाकाय माणसं त्याला आडवं करायला धावत येतात, आणि ती पोचायच्या आत त्याला आठवावं लागतं की आपला कुठला गडी या क्षणी मैदानात कुठे असणार. आठवलं तर तो फेकतो. नाही आठवलं तर जमिनीवर. तुझी नात आणि मी गेली कित्येक वर्षं दर रविवारी बेसमेंटमध्ये बसून हे बघतो आणि दर सोमवारी जेवताना त्यांची क्रमवारी लावतो. खरी नावं लिहून तुला काही बोध व्हायचा नाही, म्हणून घरात पडलेली नावंच लिहितो. लांब हातांचा तो आजानुबाहू. अंगावर माणसं कोसळत असताना ज्याची पापणी हलत नाही तो स्थितप्रज्ञ. निवृत्ती जाहीर करून, निरोपाची भाषणं ऐकून, पुढच्या वर्षी पुन्हा हजर झालेला तो वानप्रस्थी. आणि चेंडू हातात घेऊन विचार करत बसतो, करत बसतो, आणि शेवटी आपटतो, तो दीर्घसूत्री. तुझी नात हे शब्द कॅनडात जन्मलेल्या जिभेने उच्चारते तेव्हा तू एकदा तरी ऐकायला हवं होतंस. कानात बोटं घातली असतीस.

क्रमवारीचे नियम मात्र तुझेच आहेत, ते समुद्र ओलांडून शाबूत आले. पहिला, दुसरा, तिसरा आणि उत्तेजनार्थ. पाचव्याचा उल्लेख नाही. आणि काहीही लिहायचं नाही. मिरजेच्या स्वयंपाकघरात तू पोळ्या लाटता लाटता माझ्याकडून संस्कृतचे शब्द चालवून घ्यायचीस, आणि मी वही पुढे ओढली की लाटणं हवेत थांबायचं. "कागदावर उतरवलंस की डोकं सुट्टीवर जातं," म्हणायचीस. शाळेतल्या पाठांतर स्पर्धांची परीक्षक असणं तुझ्या अंगात इतकं भिनलेलं की लग्नातले मठ्ठे, शेजारणींच्या आमट्या, गणपतीतली भाषणं, सगळ्यांना तू क्रमांक द्यायचीस, आणि वर्षभराने विचारलं तर ते न चुकता सांगायचीस. अण्णांच्या बहिणीची, आत्याची, आमटी आयुष्यभर उत्तेजनार्थच राहिली, तिने कितीही गूळ घातला तरी. आमच्याकडेही तसंच. जेवणाच्या टेबलावर फोन आणायचा नाही, मागच्या सोमवारची क्रमवारी तोंडपाठ सांगायची आणि मगच नवी लावायची. जो चुकेल त्याने भांडी घासायची. डिशवॉशर असताना भांडी घासणं हा इथे अपमान समजतात.

दुसरी क्रमवारी वर्षातून एकदा होते. सप्टेंबरात, लेबर डेच्या सोमवारी, मागच्या डेकवर बार्बेक्यू लावून, त्या उन्हाळ्याचं गाणं ठरवायचं. उन्हाळाभर एखादं गाणं या गावाच्या मागे लागतं. ग्रोसरीच्या दुकानात तेच, सिग्नलला शेजारी थांबलेल्या गाडीत तेच, आइस्क्रीमच्या रांगेत तेच. बायकोचा उमेदवार बहुधा पंजाबी असतो, कारण सिग्नलला थांबलेल्या गाड्या बहुधा पंजाबी असतात. लेकीचा उमेदवार असा असतो की त्यात गायक गातोय की झोपेत बोलतोय हे मला कळत नाही. मी मध्यस्थाचं सोंग घेतो आणि तिसरंच गाणं पुढे करतो. यंदाही केलं. हातात चिमटा, पुढे पनीरचे तुकडे, आणि मी त्या गाण्याची बाजू अशी काही मांडली की तुझ्या परीक्षक मंडळात मला ढाल मिळाली असती. ठेका कसा आहे, ध्रुवपद कसं फिरून येतं, कॅनडा डेला पार्कात सगळी पोरं त्यावर कशी नाचत होती. दोघी हसत होत्या. मग लेक म्हणाली, "बाबा, दॅट वॉज लास्ट समर."

"काहीतरीच काय. जुलैत आपण पार्कात नव्हतो का?"

"अरे, यंदा जुलैत आपण पार्कात गेलोच नाही," बायको म्हणाली. "माझा पाय मुरगळला होता. तू घरी बसून मला बर्फ देत होतास."

मी म्हटलं, माहीत आहे, तुम्ही जाग्या आहात का ते बघत होतो. लेक पुन्हा हसली. बायको हसली नाही. तिने माझ्या हातातून चिमटा घेतला आणि पनीर उलटवायला लागली. ते जळलं होतं.

त्या दिवसापासून मी घाबरलेलो आहे, आई. हे वाक्य मी मुद्दामच साधं लिहिलं. कशाला घाबरलोय ते तुला सांगायला नकोच. तूच ते मला दाखवलंस.

तुझं सुरू झालं तेव्हा आपल्या घराने एक चूक केली, जी फक्त आपल्यासारखंच घर करू शकलं असतं. दूध उतू जात होतं, किल्ल्या फ्रिजमध्ये सापडत होत्या, म्हणून अण्णांनी डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांनी तुला वार विचारला. तू वार सांगितला नाहीस, 'नदी' चालवून दाखवलीस. नदी नद्यौ नद्यः, तिथून थेट संबोधनापर्यंत, तिन्ही वचनांत, आणि मग मागे वळून उलट. अण्णांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. इथे कॅनडात मी माझा फोन कानाला लावून ऐकत होतो. "बघ, एक अक्षर चुकली नाही," अण्णा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातला अभिमान मला अजून ऐकू येतो. डॉक्टर स्वतः तुझे विद्यार्थी. ते तुझ्या पाया पडून गेले. ज्याचं पाठांतर शाबूत त्याचं डोकं शाबूत, यावर आपल्या घरात कुणाला कधी शंकाच आली नव्हती. तुला तर मुळीच नाही.

त्या डिसेंबरात मी आलो. सकाळी स्वयंपाकघरात पाटावर बसलो आहे, आणि तू माझ्यापुढे चहा ठेवतेस, नेहमीच्या कपात, नेहमीइतकाच भरलेला. मग पदर सावरून, अगदी आर्जवाने विचारतेस, "साखर चालते ना आपल्याला?"

आपल्याला. जन्मभर मला 'गाढवा' याहून वरच्या पदावर न बसवणारी तू. मी म्हटलं, चालते. तू म्हणालीस, "छान. आमच्या मुलालाही गोडच लागतो. तो परदेशी असतो." आणि ओट्याकडे वळून, माझ्याकडे पाठ करून, तू काहीतरी म्हणायला लागलीस, शुद्ध, सुस्वर, सगळे विसर्ग जागच्या जागी. मी तो चहा संपवला. आयुष्यात मला कशाची इतकी भीती वाटली नव्हती, आणि ती वाटत असताना मी वृत्त मोजत होतो. सवय.

तर आता मी रोज सकाळी शॉवरखाली 'नदी' चालवतो. एक अक्षर चुकत नाही, आणि त्याचा मला काडीचा उपयोग नाही. आपल्या लोकांची ही मोठीच पंचाईत आहे. लहानपणी कोरलेलं जायला सगळ्यांत शेवटी जातं. तळघर कोरडं आहे म्हणून खूश व्हायचं आणि वर छप्पर उडालेलं असायचं. माझ्याजवळ खरी परीक्षा एकच उरली आहे, जे कालपरवा ऐकलं त्याची. यंदाची गाणी आणि मागच्या सोमवारचे क्वार्टरबॅक. म्हणून हल्ली दर सोमवारी ऑफिसमध्ये मीटिंग चालू असताना मी मनात क्रमवारी घोकतो. लेक ज्याला करमणूक समजते ती माझी वार्षिक परीक्षा आहे, आणि ती दर आठवड्याला येते.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी मी वानप्रस्थ्याला तिसरा दिला. खणखणीत आवाजात. कारणंही दिली, अनुभव, संयम, वय झालं तरी हात कसा शाबूत. लेक काट्याने भात खात होती. काटा थांबला. या मुलीने आयुष्यात मला एक क्रमांक सुखासुखी दिलेला नाही. दीर्घसूत्रीला मी एकदा उत्तेजनार्थ दिलं तर दोन दिवस ती माझ्याशी तुटक बोलत होती. ती म्हणाली, "ओके, बाबा. थर्ड." आणि तिच्या आईकडे बघितलं. तेवढंच, डोळ्यांनी.

ती नजर मी ओळखतो. त्या डिसेंबरात अण्णा आणि मी एकमेकांकडे तसेच बघायचो, तुझ्या डोक्यावरून. तू काही चुकीचं म्हणालीस की आम्ही म्हणायचो, हो, बरोबर. त्या सोमवारी भांडी मी घासली, कुणी सांगितलं नसताना, म्हणजे दोघींकडे पाठ करता येईल.

दुसऱ्या दिवशी दात घासताना आठवलं. वानप्रस्थ्याचा खांदा निखळला होता. सीझन संपला होता त्याचा. आम्ही दोघांनीच बेसमेंटमध्ये बसून ते पाहिलं होतं, आणि त्याला स्ट्रेचरवरून नेलं तेव्हा लेक माझा हात धरून बसली होती. त्या सकाळी मी तिला युनिव्हर्सिटीत सोडायला निघालो होतो. विंटर टायर अजून घातले नव्हते आणि पहिला बर्फ पडायला लागला होता, म्हणून गाडी हळू होती आणि बोलायला वेळ होता.

"काल तू भांडली नाहीस," मी म्हटलं.

"कशावरून?"

"म्हातारा जखमी आहे. तिसरा कसा येईल?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. "आय नो."

"मग बोलली का नाहीस?"

"आई म्हणाली, डोन्ट करेक्ट हिम एव्हरी टाइम. तू घाबरतोस."

"घाबरलेलो मी आहेच. तू भांडली नाहीस की जास्त घाबरतो."

"मग काय करू? ओरडू तुझ्यावर?"

"नेहमी ओरडतेस तेवढं."

तिने बाहीला नाक पुसलं. विसाव्या वर्षीसुद्धा. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला, आणि ती म्हणाली, "युअर रँकिंग इज गार्बेज, बाबा. आणि तुझं उन्हाळ्याचं गाणं पण गार्बेज होतं. मागच्या वर्षी पण गार्बेजच होतं."

"आता बरं वाटलं," मी म्हटलं. खरंच वाटलं, तिचं कॅम्पस येईपर्यंत.

पुढच्या आठवड्यात फॅमिली डॉक्टरकडे चाचणी आहे. बायकोने अपॉइंटमेंट घेतली, मला विचारलं नाही, फक्त सांगितलं. घड्याळ काढायला लावतात म्हणे, आणि पाच शब्द लक्षात ठेवायला सांगतात. थोड्या वेळाने ते विचारतात. आई, तू मला आठ अक्षरांचा चरण मी भुकेला असताना भाजी निवडत निवडत शिकवलास. पाच शब्द काय, पन्नास दिले तरी मी त्यांचा अनुष्टुभ बांधून खिशात घालीन आणि डॉक्टरांना गाऊन दाखवीन. ते खूश होतील. माझ्या पायाही पडतील कदाचित, इथे तशी पद्धत नसली तरी. मी पास होईन. तूही झाली होतीस.

म्हणून मी ठरवलंय की श्लोक बांधायचा नाही. शब्द जसे ऐकेन तसे सुटे ठेवायचे, विनावृत्ताचे, उघडे. पडले तर पडू देत. हे लिहायला सोपं आहे. डॉक्टर पहिला शब्द उच्चारतील तेव्हा माझी जीभ आपणहून लघू-गुरू जुळवायला लागेल, हे मला माहीत आहे, आणि तिला आवरायची कशी हे तू शिकवलं नाहीस. ते तुझ्या अभ्यासक्रमातच नव्हतं. तुझ्यावर रागवायला मला आवडलं असतं, पण तू समोर असतीस तर आधी माझे ऱ्हस्वदीर्घ तपासले असतेस.

हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्न नाही. तू गेल्यावर मिरजेचं घर विकलं, तिथे आता दातांचा दवाखाना आहे. तरी वरती मी तुला एक थाप मारली आहे, ती तेवढी काढून टाकतो. क्वार्टरबॅकांची खरी नावं तुला बोध होणार नाही म्हणून गाळली, असं लिहिलं. तिघांची आठवत होती. स्थितप्रज्ञाचं आठवत नव्हतं. ज्याच्या दुसऱ्या क्रमांकासाठी मी तीन वर्षं भांडलो, त्याचं. अर्धा तास झाला, अजून आठवत नाही. पहिलं अक्षरसुद्धा नाही. फोन खिशात आहे, त्यात बघता येईल, कुणाला कळणारही नाही.

लेक खाली बेसमेंटमध्ये आहे. तिच्या त्या झोपेत बोलणाऱ्या गायकाचा आवाज इथवर येतोय. खाली जाऊन तिलाच विचारतो.